अकरा माणसांचा रस्सा

छावणी, ६ एप्रिल

आत्या,

नमस्कार. सुवाच्य अक्षराची अपेक्षा ठेवू नकोस. मांडीवर ताट, ताटावर कागद आणि एक डोळा चुलीवर, अशी माझी बैठक आहे.

पोचले. तीन दिवस खेचरांच्या मागून चालत. तुझं उंच पातेलं शेवटच्या खेचरावर बांधलं होतं आणि ते वाटभर वाजत होतं. खेचरवाला म्हणाला, "ताई, या भांड्यापायी माझं जनावर बहिरं होईल." पण एकही पोचा आला नाही.

माझं स्वयंपाकघर म्हणजे चार झाडांना बांधलेली ताडपत्री, तीन दगडांची चूल आणि चिरायला एक सपाट शिळा. ओढा तीस पावलांवर. शिधा चांगला आहे: सुका घेवडा, जव, बटाटे, गाजरं, कांदे, सुकवलेलं मटण. माणसं अकरा. सकाळी निघतात, जंगलातल्या प्रत्येक झाडाचा घेर फितीनं मोजतात, खोडावर नंबराचा पत्रा ठोकतात आणि दुपारी लांडग्यासारखी भुकेली परत येतात, जेवून पुन्हा जातात. असं दहा आठवडे चालायचं.

आता कामाचं. मोजणीच्या प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी समोर उभं करून सांगितलं, "इतकी वर्षं आम्ही डब्यातलं खाल्लं. डब्यातलं वाईट असतं, पण रोज सारखंच वाईट असतं. तुम्हाला एप्रिलअखेरपर्यंत बघते. माणसं पोटभर जेवली तर यापुढच्या सगळ्या मोजण्यांना तुम्हीच. नाही जेवली, तर तीस तारखेच्या खेचराबरोबर तुम्ही खाली आणि डबे वर." एवढं बोलून त्यांनी खिशातली वही काढली आणि काहीतरी लिहिलं. त्या सगळंच लिहितात.

मी हसून "बरं" म्हटलं. मी तुझी भाची आहे, मला कसली भीती? सहा वर्षं नोंदणी कचेरीत शिक्के मारले, आता ते काम पुन्हा करायचं नाही. बाबा म्हणाले होते, "महिन्याभरात परत येशील." त्यांना सांग, उशीची खोळ धुऊन कपाटात ठेवा.

अकरा जणांना घेवडा किती घालू ते तेवढं कळव. खेचरवाला दर आठ-दहा दिवसांनी येतो आणि दोन-तीन दिवस राहून पत्रं घेऊन उतरतो.

तुझी,
लवंगी

*

घर, १० एप्रिल

लवंगे,

तुझ्या बापाला पत्र वाचून दाखवलं. तो "हं" म्हणाला आणि पेपरात तोंड घातलं. म्हणजे खूश आहे.

माणशी एक मूठ घेवडा आणि अर्धी मूठ जव. मूठ माझी धर. तुझी मूठ असेल तर दीड. घेवडा रात्रभर भिजवायचा. आधी कांदा चांगला तांबूस होऊ दे, घाई करशील तर रस्सा आयुष्यभर कच्चा लागेल. मग मटण, मग कढत पाणी, मग घेवडा आणि जव. बटाटा सगळ्यात शेवटी. मीठ घेवडा मऊ झाल्यावर.

आणि आता नीट ऐक, हे कुठल्या पुस्तकात मिळायचं नाही. उकळी आली की डाव आत घालून घुसळत बसू नकोस. बटाटा फुटतो, घेवड्याची सालं सुटतात आणि रश्श्याची खळ होते. वर लालसर तवंग आला की झालं. डाव तोंडाला लावून चव बघायची नाही, मीठ वासावरून कळलं पाहिजे. आणि वाढणारीनं सगळ्यात शेवटी जेवायचं. अठ्ठावीस वर्षं छापखान्याच्या कँटीनमध्ये दोनशे माणसं उठल्याशिवाय मी घास तोंडात घातला नाही. मी डाव घेऊन उभी राहिले की मॅनेजरसुद्धा रांगेत गप्प उभा राहायचा.

तुझ्या त्या बाईंना म्हणावं, वहीत जागा ठेवा, स्तुती लिहायला लागेल.

आत्या

*

छावणी, १४ एप्रिल

आत्या,

तुझ्या शब्दाबाहेर गेले नाही. कांदा तांबूस, घेवडा मऊ, डाव वरच्या वर. तवंग असा येतो की बघत राहावं. सगळ्यांचं झालं की मी शेवटी माझा वाडगा भरते, आणि आत्या, खोटं नाही सांगत, त्यात चमचा उभा राहतो! मटण, घेवडा, जव, सगळं एकजीव. इतकं चांगलं मी जन्मात केलं नव्हतं.

पण या लोकांना त्याची किंमत नाही. एक वाडगा पितात, एकमेकांकडे बघतात आणि उठून बिस्किटांच्या पेटीकडे जातात. दुसऱ्यांदा कोणी घेत नाही. प्रमुख बाई रांगेत नेहमी पहिल्या. त्यांनी काल वाडगा खाली ठेवला, वही काढली आणि माझ्याकडे न बघता लिहिलं. करवतवाले काका म्हणून एक आहेत, वाटेत आडवी पडलेली झाडं कापतात, माणूस दरवाज्याएवढा. ते म्हणाले, "ताई, चालताना पोटात डुचमळतं." मी म्हटलं, "सावकाश चाला."

रोज पाव पातेलं उरतं. उरलेलं मला संध्याकाळी बघवत नाही.

एकच माणूस जाणकार आहे, नकाशेवाले आजोबा. हात धुवायलाच त्यांना अर्धा तास लागतो, त्यामुळे रांगेत शेवटी. पण जेवतात कसे! वाडगा बोटानं पुसून घेतात आणि म्हणतात, "पोरी, असं जेवण मी लग्नानंतर जेवलो नाही." घरंदाज माणूस.

बाकीच्यांच्या जिभा डब्यांनी बिघडल्यात, दुसरं काय. मी मटण थोडं वाढवू का?

लवंगी

*

घर, १८ एप्रिल

लवंगे,

गाढवाला गुळाची चव काय! असली माणसं मी पुष्कळ पाहिली. आमच्याकडेही शेवटी शेवटी निघाली होती दोन-चार, "रस्सा पातळ, रस्सा पातळ" म्हणून. माझ्या स्वतःच्या वाडग्यात चमचा उभा राहायचा आणि हे म्हणायचे पातळ. मी लक्ष दिलं नाही. मी कँटीन सोडलं ते काही त्यांच्यामुळे नव्हे, गुडघ्यांमुळे सोडलं, हे तुला माहीतच आहे.

मटण वाढवू नकोस, जव वाढव. माणशी एक मूठ कर. जव पोटात बसतो, मग डुचमळायला जागाच राहत नाही. आणि कोणाला "कसं झालंय" म्हणून विचारत जाऊ नकोस. ज्या स्वयंपाकिणीनं विचारलं ती संपली. वाढायचं आणि समोर बघायचं.

नकाशेवाल्या आजोबांना माझा नमस्कार. चव कळायला वय लागतं.

तुझा बाप विचारत होता, तीस तारखेनंतर बसथांब्यावर येऊ का. मी त्याला म्हटलं, कशाला, पोरगी नोकरीवर आहे.

आत्या

*

छावणी, २२ एप्रिल

आत्या,

जव वाढवला. पहिल्या दिवशी तळाला लागला. दुसऱ्या दिवशी विस्तव कमी केला, तरी थोडा लागलाच. तळाशी वीतभर घट्ट थर बसतो, तो खरवडताना माझं मनगट धरतं. आणि रांगेतून तीच तक्रार.

काल करवतवाल्या काकांनी वाडगा तोंडासमोर धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, यात माझं तोंड दिसतं." मीही कमी नाही, म्हटलं, "मग दाढी करून घ्या." सगळे हसले. ते हसले नाहीत. न जेवता उठले आणि संध्याकाळपर्यंत करवत ओढायला गेले. मला वाईट वाटलं, पण मी समोर बघत राहिले, तू सांगितलंस तसं.

संध्याकाळी बाई ताडपत्रीखाली आल्या. माझ्या शिळेवर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही कष्टाळू आहात, स्वच्छ आहात. पण माझी माणसं अर्धपोटी चढ चढतात. काल एकाला चक्कर आली. तीस तारखेला सामान बांधून ठेवा. डबे मागवलेत." मी म्हटलं, "बाई, माझा रस्सा चांगला आहे. आजोबांना विचारा." त्या म्हणाल्या, "विचारलं. ते म्हणाले उत्तम आहे. अकरातला एक."

आत्या, मी कुठे चुकत नाहीये, हे मला माहीत आहे. मी रोज तोच रस्सा खाते आणि तो चांगला आहे. मग ही माणसं उपाशी का उठतात? तक्रार करणारे सगळे रांगेतले पहिले सहा-सात. उतावळे, चावूनही खात नाहीत. शेवटचे दोघं-तिघं काही बोलत नाहीत.

मला परत त्या शिक्क्यांपाशी जायचं नाही गं.

लवंगी

*

घर, २६ एप्रिल

लवंगे,

हे पत्र मी स्वतः खेचरवाल्याच्या तबेल्यात नेऊन त्याच्या हातात देणार आहे. मिळाल्या मिळाल्या वाच, चूल थांबली तरी चालेल.

काल तुझं पत्र आलं. वाचलं आणि दोन शिव्या घातल्या, तुला नव्हे, त्यांना. मग "पहिले सहा-सात" हे शब्द डोक्यातून जाईनात. सकाळी उठून घरातल्या उंचेल्या डब्यात रस्सा टाकला. अगदी तुला सांगितला तसा, न ढवळता. तवंग आला. तुझ्या बापाला समोर बसवलं आणि वरच्या वर डाव चालवत बारा वाडगे भरले. सगळे टेबलावर ओळीनं मांडले. पहिल्या वाडग्यात तवंग आणि खाली पाणी. शेवटच्यात चमचा उभा. तुझा बाप ओळीवरून नजर फिरवून म्हणाला, "ताई, तू अठ्ठावीस वर्षं शेवटचाच वाडगा खाल्लास ना?"

मी खुर्चीवर बसले.

मग चप्पल घातली आणि दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या नावाड्याकडे गेले. तुला तो आठवत नसेल. कँटीनमध्ये माझ्या शेजारी लांब लाकडी पावडं घेऊन उभा असायचा, होडी वल्हवतो असं दिसायचं म्हणून नावाडी. तो सामान उतरवायला आणि भांडी उचलायला ठेवलेला माणूस, असंच मी धरून चालले होते. त्याला विचारलं, "मी वाढताना तू काय करायचास रे?" तो म्हणाला, "दर दहा वाडग्यांनी तळापासून वर काढायचो. हळूच, बटाटा न फोडता. तुम्ही गप्पा मारत वाढायच्या, तुमचं लक्ष नसायचं." मी म्हटलं, "मला कधी बोलला नाहीस." तो म्हणाला, "तुम्ही कधी विचारलं नाही."

मी तुला माझं अर्धंच काम शिकवलं, पोरी. उरलेलं अर्धं त्याचं होतं आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

आणखी एक सांगायचंय. नावाडी निवृत्त झाला, त्याच्या जागी मी माणूस मागितला नाही. एकटी पुरी पडते म्हटलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत "रस्सा पातळ" सुरू झालं. माझे गुडघे ठणठणीत आहेत, तेव्हाही होते. एक दिवस मॅनेजरनं माझ्यासमोर कागद ठेवला. चाळीस सह्यांची तक्रार. छापखान्याची माणसं ती, तक्रारसुद्धा चांगल्या जाड कागदावर, ठळक टायपात छापून आणली होती. मी ती वाचली, अॅप्रन सोडून त्याच्या टेबलावर टाकला आणि निघून आले. तीन वर्षं झाली. त्या चाळीस जणांना मी मनातल्या मनात रोज नावं ठेवते. ते खरं बोलत होते.

आता कर असं. डाव तळाला पोचणार नाही, लांब चपटी काठी हवी. ती तळापर्यंत घाल, कड धरून हळूच वर उचल, गरगर फिरवू नकोस. दर दोन वाडग्यांनी पुन्हा. जव अर्ध्या मुठीवर आण. आणि पहिला वाडगा तू खा. माझा नियम मोड. नियम चुकीचा नव्हता, पण तो पाळण्यात मला फार मोठेपणा वाटायचा.

चूक माझी आहे, असं तुझ्या बाईंना खुशाल सांग.

आत्या

*

छावणी, ३० एप्रिल

आत्या,

खेचर सकाळी दहाला आलं. दोन्ही बाजूंना डबे. खेचरवाल्यानं तुझं पत्र दिलं आणि म्हणाला, "म्हातारी तबेल्यात उभी होती, मी निघेपर्यंत हलली नाही." माझं सामान बांधलेलं होतं. पातेलं तेवढं चुलीवर होतं, जाता जाता शेवटचं जेवण म्हणून.

पत्र दोनदा वाचलं. मग करवतवाल्या काकांकडे गेले. ते ओढ्यावर करवतीला धार लावत बसले होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी मी फाजील बोलले. चूक माझी होती, तुमच्या वाडग्यात खरंच पाणी होतं." ते धार लावत राहिले. मी म्हटलं, "मला एक पावडं करून द्याल? माझ्या खांद्याएवढं, खाली चपटं." त्यांनी वर बघितलं. विचारलं, "कशाला?" मी सांगितलं. उठले, एक वाळकी फळी शोधली आणि जेवणाच्या आत पावडं करून आणलं. कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, म्हणजे बटाटा फुटणार नाही. हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

दुपारी रांग लागली. बाई पहिल्या. मी पावडं तळापर्यंत घातलं आणि उचललं. आत्या, खालून जे वर आलं ते बघून पुढचे चौघं रांग सोडून पातेल्यात डोकवायला आले. मी पहिला वाडगा माझा भरला आणि सगळ्यांसमोर, उभ्यानं, सबंध खाल्ला. बाई वाडगा हातात धरून थांबल्या. म्हणाल्या, "आज हे काय?" मी म्हटलं, "तुम्हाला काय देतेय ते आधी बघते. इतके दिवस बघत नव्हते."

मग वाढलं. दर दोन वाडग्यांनी पावडं. फक्त चमच्यांचा आवाज. काका तीनदा आले. आजोबा हात धुऊन आले तेव्हा पातेलं रिकामं होतं, त्यांना मी माझा लपवून ठेवलेला दुसरा वाडगा दिला. ते म्हणाले, "आज जरा पातळ झालंय."

बाई दोनदा जेवल्या. वही काढली नाही. खेचरवाला डब्यांच्या दोऱ्या सोडायला लागला तेव्हा बसल्या जागेवरून म्हणाल्या, "ते उतरवू नकोस. परत ने." मग मला म्हणाल्या, "उद्या घेवडा लवकर भिजवा. लांबच्या टोकाला जायचंय."

मी ताडपत्रीमागे जाऊन रडले, आता सांगायला हरकत नाही.

संध्याकाळी त्यांना तुझी सगळी हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, पुढच्या मोजणीला पंचवीस माणसं आहेत, दोघी लागतील. म्हणाल्या, "स्वतःची चूक बारा वाडग्यांत मांडून बघणारी बाई मला चालेल." येतेस का? गुडघे तर चांगले आहेत म्हणतेस. मी पावडं धरीन, तू वाढ.

लवंगी

*

घर, ४ मे

लवंगे,

तुझ्या बापानं पत्र वाचलं, पेपर बाजूला ठेवला आणि बाहेर जाऊन शेजाऱ्यांना सांगून आला. मला वाटलं होतं तो "हं" म्हणेल.

तुझ्या पत्राची वाट बघत घरात बसवेना, म्हणून परवा मी छापखान्यात गेले. तीन वर्षांत त्या रस्त्यानं गेले नव्हते, बाजाराला लांबून वळसा घालत होते. ऐन जेवणाच्या वेळी गेले आणि रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे बाइंडिंगमधली बाई होती, त्या कागदावर पहिली सही तिचीच. तिनं मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं मी भांडायला आलेय. मी म्हटलं, "तुमचं खरं होतं. रस्सा पातळ होता. मला कळायला तीन वर्षं लागली."

ती पूर्ण माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अहो बाई, आम्ही रस्सा घट्ट व्हावा म्हणून सह्या केल्या होत्या. तुम्ही जावं म्हणून कोणी केल्या? दुसऱ्या दिवशी आम्ही येऊन बघतो तर तुमच्या जागी परकाच माणूस. चाळीस जणांनी महिनाभर एकमेकांना दोष दिला." एवढं बोलून तिनं माझा हात धरला आणि मला रांगेच्या पुढे नेलं. मी नको म्हणत होते. लोक बाजूला होत गेले. पातेल्यापाशी एक घामाघूम झालेला गृहस्थ डाव घेऊन उभा होता, वरच्या वर वाढत होता. पावडं भिंतीला टेकवलेलं, कोरडं ठणठणीत.

मी काहीच ठरवून गेले नव्हते. पदर खोचला आणि पावडं उचललं. दोनशे माणसं जेवून होईपर्यंत मी पातेल्यातून मान वर केली नाही. वाढलं त्यानं. मी तळापासून काढत राहिले. मॅनेजर रांगेत आला, माझ्याकडे बघितलं, त्याच्या वाडग्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सोमवारपासून?" मी म्हटलं, "उद्यापासून."

तेव्हा तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, दुसरी स्वयंपाकीण तुम्ही दुसरीकडे शोधा, आत्याला नोकरी आहे.

आत्या